आउटबॉक्समधला होकार

“नेट नसलं तरी थांबायचं नाही, मॅडम. ‘वर्क ऑफलाइन’ दाबा, मेल लिहा, ‘सेंड’ करा. तो आउटबॉक्समध्ये थांबेल. रेंज आली की ते ‘ऑफलाइन’चं बटण काढा… तेवढं मात्र विसरू नका!”

लॅपटॉप उघडला, की उदयसिंहांचा हा आवाज अजून कानाशी येतो.

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमची दूध संस्था. पावसाळ्यात इथं नेट रुसून बसतं, आणि दुधाचे आकडे तर रोज कोल्हापूरच्या ऑफिसला मेल करायचे. ते अडकायला लागले, म्हणून हे शिकवायला तिथूनच ते आले… आणि दारात छत्री झटकली ती थेट माझ्या ओढणीवर!

“अरे… सॉरी! रागावलात?”

मी नुसती मान हलवली.

“रागावली न्हाय ओ, पावणं,” दूध घालायला आलेल्या तानाबाई ओरडल्या. “सोमवार हाय की! दिवा लागंस्तवर मौन असतंय संयोगिताचं.”

“म्हणजे आज काहीही बोललं तरी उलट उत्तर नाही?”

मी टाइप केलं – ‘उद्या मिळेल.’

ते असे हसले, की तानाबाईंची किटलीच कलंडायची राहिली.

मग या ना त्या कामानं ते येत राहिले. सोमवारीच बहुतेक. ते बोलायचे, मी टाइप करायची. गेल्या सोमवारी मात्र ते हसले नाहीत. छत्रीच्या मुठीशी चाळा करत उभे राहिले.

“घरच्यांनी जयसिंगपूरला मुलगी बघायचं ठरवलंय. पुढच्या सोमवारी, दुपारी. मी जावं… की नको? ते तुम्हीच सांगा.”

माझी बोटं कीबोर्डवर गेली – आणि थांबली.

“आत्ता नको. नीट विचार करून मेल करा. फोन करून मी घाई नाही करणार. पण काही असो, कळवाल ना?”

मी मान हलवली. माझं ते वचनच होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली, कपाळाचं कुंकू ओलंच होतं. लिहिलं – ‘जाऊ नका. सोमवार सोडून बाकी सगळे दिवस तुमच्याशी बोलायचंय… जन्मभर.’ सेंड! टॉवर बंद होता. मेल गुपचूप आउटबॉक्समध्ये जाऊन बसला.

माझं मन मात्र कुठंच बसेना. जपाची माळ हातात, आणि लक्ष फोनच्या काड्यांकडे.

“काय गं, दावं सुटल्या कालवडीगत फेऱ्या मारालीस?” तानाबाई म्हणायच्या. मी लाजून वाती वळायला घ्यायची, त्याही वाकड्या व्हायच्या.

रविवारी अचानक रेंज आली. गावभर फोन टणटणले. लॅपटॉप संस्थेत चालूच ठेवला होता. गेला असेल… वाचला असेल… संध्याकाळ झाली, उत्तर नाही. फोन करू? पण होकार देऊन वर ‘मिळाला का’ म्हणून कसं विचारायचं, बाई! रात्री रेंज पुन्हा गेली.

आज सकाळी आकडे भरायला लॅपटॉप उघडला. आउटबॉक्समध्ये आठवड्याचे आकडे आणि माझा मेल, सगळं तसंच! आणि वर ‘वर्क ऑफलाइन’… दाबलेलंच. नेट दाराशी येऊन परत गेलं होतं. कडी मीच लावून ठेवली होती.

आज सोमवार. दुपारी ते जयसिंगपूरला निघणार. फोनला एक काडी नाही. आणि आज ओठही उघडायचे नाहीत.

मी देवापुढं हात जोडले. लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घातला.

“अगं, कुठं निघालीस?” तानाबाईंनी विचारलं. मग माझ्या चेहऱ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, “त्या छत्रीवाल्याकडं व्हय? मग उभी का? जा की! सेक्रेटरीला सांगती मी.”

एसटी मिळाली. कंडक्टर आला. “कुठं, ताई?”

खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर मी बोटानं लिहिलं – कोल्हापूर.

“व्हय, व्हय,” म्हणत त्यानं तिकीट काढलं.

मांडीवर लॅपटॉप उघडला. फोनचं नेट त्याला जोडलं. सगळ्यात आधी ते बटण काढलं. गाडी हलली. वाटेत कुठल्याही वळणावर रेंज आली, तर मेल माझ्या आधी पोचेल.

नाहीच आली… तर मी पोचेन.