विरळ वाचन

टक, कर्रर्र, टक. डॉ. रेहाना मुजावरने हार्ड डिस्कचा आवाज क्षणभर ऐकला आणि लगेच वीजपुरवठा तोडला.

"चकती घासली जातेय," ती म्हणाली. "वाचनशीर्ष चकतीच्या जरासं वर तरंगायला हवं, ते खाली टेकलंय. मी नवं शीर्ष बसवते, पण चकतीचा वरचा थरच सुटायला लागलाय. जिथे वाचू तिथलं वाचता वाचताच खरवडलं जाणार. म्हणजे वाचन एकदाच, आणि तेही सगळ्याचं नाही."

पुण्याच्या स्मृतिपुनर्लाभ केंद्रात असलं निदान रोज कुणा ना कुणाला ऐकावं लागायचं. आज ते खुद्द केंद्राचा संचालक डॉ. प्रद्युम्न खानविलकर याच्या वाट्याला आलं होतं. डिस्क त्याच्या वडिलांची होती.

भालचंद्र खानविलकर चिपळूणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा मोठी मुलगी वासंती हिने त्यांच्या फोनला ही डिस्क जोडून घेतली. रविवारी ते पुण्याला मुलाला फोन करायचे. सगळं बोलणं आपोआप साठायचं आणि निसटलेले शब्द ते संध्याकाळी आवाज वाढवून पुन्हा ऐकायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या सगळ्यांना बाबांचा आवाज ऐकवायचा, असं वासंतीने मनाशी धरलं होतं. त्यांचा आवाज या डिस्कखेरीज कुठेच नव्हता. म्हणून ती स्वतः डिस्क मांडीवर धरून पुण्यापर्यंत आली होती आणि आता प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर अवघडून बसली होती.

"दोन वाटा आहेत," रेहाना म्हणाली. "सलग वाचन केलं तर शीर्ष टिकेल तोवर शेवटच्या काही महिन्यांचं बोलणं शब्द न् शब्द मिळेल. आधीची वर्षं मात्र गेली. नाहीतर तुझं विरळ वाचन."

विरळ वाचन हा प्रद्युम्नचा शोध. त्याचं त्याला कौतुक जरा जास्तच होतं, आणि बहिणीपुढे ते मिरवायची संधी तो थोडीच सोडणार!

"हे बघ ताई, शीर्ष सगळ्या वर्षांवरून फिरवायचं, पण इथे थोडं, तिथे थोडं टेकवत. मधल्या रिकाम्या जागा 'पूरक' नावाची आमची प्रणाली भरते."

"मनाने भरते?"

"छे! कुणी 'नमस्' एवढं म्हणाला की पुढे 'कार' येणारच ना? मग ते वाचायची गरजच काय? पुढे काय येणार याची पूर्ण खात्री असेल तेवढंच पूरक भरतो. खात्री नसेल तिथे शांतता सोडतो. अंदाजाने एक शब्दही घालायचा नाही, हा माझा नियम आहे."

"थोडक्यात, ज्यात नवं काही नसतं ते परत मिळतं," रेहाना म्हणाली. "ज्यात नवं असतं ते जातं. मी असते तर सलग वाचन केलं असतं, प्रद्युम्न. थोडं मिळेल, पण पक्कं."

"बाबांच्या बोलण्यात नवं?" प्रद्युम्नला हसूच आलं. "अगं, जन्मभर त्याच फलाटावर त्याच गाड्या पुकारल्या त्यांनी. फोनवरही तेच. तो गुडघा, ते नळाचं पाणी. मला पाठ आहे सगळं. पूरकाला याहून सोपं काम मिळायचं नाही."

वासंतीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "तू म्हणशील तसं, पद्या," ती म्हणाली.

दुपारी वाचन झालं. डिस्क अखेरचं खरखरली आणि गप्प झाली. फोनवरच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या साठलेल्या होत्या. पूरकाचं काम संपल्यावर रेहानाने पडद्यावर नजर टाकली आणि ती जरा घुटमळली.

"एका बाजूचं जवळपास सगळं परत आलंय."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"तुझ्या बाजूचं, प्रद्युम्न."

तिने ध्वनिफीत लावली.

"हां, बाबा." मग शांतता. "हो का." आणखी लांब शांतता. "बरं." शांतता. "गोळ्या घेताय ना?" शांतता. "अच्छा, अच्छा."

तिने दुसरा रविवार लावला, मग दुसऱ्या एका वर्षातला. हां बाबा, हो का, बरं, गोळ्या घेताय ना. आवाज काल बोलल्यासारखा स्वच्छ होता, मधली जांभईसुद्धा. प्रद्युम्नचे कान तापले.

"पूरकात काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला.

"मी तपासलं. काही बिघडलेलं नाही." रेहाना त्याच्याकडे न बघता बोलली. "तू पुढे काय म्हणणार याची त्याला प्रत्येक वेळी खात्री होती. त्यांच्या बाबतीत ती जवळजवळ कधीच झाली नाही. तिकडे नुसते अक्षरांचे तुटके तुकडे आहेत."

"व्हायची कशी?" वासंती म्हणाली. "आठवडाभर गोळा करायचे रे ते तुझ्यासाठी. स्टँडवर जाऊन बसायचे, कोण आलं, कोण गेलं, कुणाची गंमत झाली, सगळं लक्षात ठेवायचे. आणि रविवारी आधी मला विचारायचे, हे मी त्याला सांगितलंय का गं? एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही, पोरगा कंटाळेल म्हणायचे. गुडघ्याचं मी सांगायचे तुला. ते नाही."

"मग सकाळी बोलली का नाहीस, ताई?"

"तू हसत होतास ना."

प्रद्युम्नला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चकती पुन्हा वाचता येईल का, हे विचारण्यातही अर्थ नव्हता. एवढ्या वर्षांत बाबा काय काय सांगत होते, ते आठवायचा त्याने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. एकही गोष्ट आठवेना. बाबा बोलत असताना तो ऐकतच नव्हता, एवढंच काय ते आठवलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"थांबा," रेहाना हळूच म्हणाली. "त्यांच्या बाजूला एक वाक्य मिळालंय. जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. पूर्ण आहे."

वासंती स्टुलावरून उतरून पडद्याजवळ आली. ध्वनिवर्धकातून भालचंद्र खानविलकरांचा आवाज आला, खणखणीत, अगदी स्टँडवरचा.

"बरं, तू कामात असशील. ठेवतो मी."

पुढचा रविवार. "बरं, तू कामात असशील. ठेवतो मी." त्याच्या पुढचा. तेच. वासंतीने तोंडाला पदर लावला. रेहाना कसलंसं निमित्त काढून खोलीबाहेर गेली. प्रद्युम्न तिच्या जागी पडद्यापाशी येऊन उभा राहिला.

"पुन्हा लाव," वासंती म्हणाली. त्याने लावलं. ऐकता ऐकता ती रडत होती आणि हसतही होती.

"आवाज तर मिळाला रे," ती डोळे पुसत म्हणाली. "हेच ऐकवू श्राद्धाला सगळ्यांना."

प्रद्युम्नला नको म्हणता आलं नाही.