राखीव प्रवाह

मिरजेच्या वाणी-प्रयोगशाळेतला संगणक सकाळी चालूच होईना. प्रमुख डॉ. मेहरुन्निसा बागवान परगावी होत्या, म्हणून नरहर घैसासांनी पेटी स्वतःच उघडली. चाळीस वर्षं त्यांनी संगणकच दुरुस्त केले होते. आणि या संगणकात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, इंदुमतीचा, आवाज होता. कर्करोगामुळे तिचं स्वरयंत्र काढण्याआधी वर्षभर यंत्र तिच्याकडून बोलणं शिकलं होतं. आता ती नुसते ओठ हलवी आणि तिच्या गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून तिचाच आवाज येई.

"घाबरू नकोस, इंदू. एसएमपीएस गेलाय. संगणकाला वीज पुरवणारा डबा. बदलला की झालं."

पंखा हलत नव्हता, बोर्डावरचा हिरवा दिवा मात्र जळत होता. शिरस्त्याप्रमाणे नरहरांनी आधी प्लग उपसला. बटण दाबून धरून उरलीसुरली वीज उतरवली. दिवा विझला. नवा एसएमपीएस बसवताच पंखा गरगरला. इंदुमतीने हसून ओठ हलवले.

स्पीकर गप्प. पडद्यावर अक्षरं आली : 'आवाज निवडा.'

नरहरांनी बागवानबाईंना फोन लावला.

"प्लग काढलात?"

"अहो, तो तर पहिला नियम!"

"काका, एसएमपीएसचा मोठा भाग बंद पडला तरी प्लग लावलेला असेपर्यंत छोटा भाग पाच व्होल्टचा राखीव प्रवाह देत राहतो. आवाज साठवणारी आपली जिवंत स्मृती त्यावरच तगते. नक्कल काढायला गेलं की ती विस्कटते, म्हणून दुसरी प्रत नाही, आणि मूळ ध्वनिमुद्रणंही ठेवलेली नाहीत. बोर्डावरचा दिवा लागला होता?"

"लागला होता."

"म्हणजे आवाज शाबूत होता. बाहेरून पाच व्होल्ट जोडून मग प्लग काढायचा होता. पेटीवर तसं लिहून ठेवायला हवं होतं मी. माझीही चूक आहे."

"पुन्हा शिकवू ना त्याला!"

"कोणाच्या आवाजावरून शिकवणार, काका?"

नरहरांनी फोन ठेवला. सगळं सांगताना त्यांची नजर वर होईना. इंदुमतीने ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि पडद्यावरच्या यादीतला पहिलाच आवाज निवडला.

"दादा, ऊठ. घरी जाऊ," एक अनोळखी, तरुण बाई म्हणाली.

कोण आलं ते पाहायला नरहर नकळत दाराकडे वळले.