बाहीवरचा काळा चौकोन

गेर्शोन पहिल्यांदा दुकानात शिरला तो चिंब भिजून, हातात काळ्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा घेऊन.

“शिंपीणबाई, हा बाहीवर शिवायचाय.”

“ठिगळ? बाही तर कुठे फाटलेली नाही!”

“ठिगळ नाही हो, चित्र आहे. आमच्या चित्रशाळेतले सगळे लावतात.”

“यात ना माणूस, ना झाड…”

“ना झार, ना जमीनदार! म्हणून तर आवडतं.”

त्या वर्षी आमच्या व्हितेब्स्क शहराच्या भिंती या पोरांनी चौकोन-वर्तुळांनी भरून टाकल्या होत्या. क्रांतीचं खरं चित्र हेच, असं छातीठोक सांगायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यानं निळ्या जाकिटाची बाही पुढे केली आणि सुई दोनदा माझ्याच बोटात गेली.

“पक्का शिवा हं… मी मेलो तरी सुटायला नको.”

“मरायची एवढी घाई?”

“मघापर्यंत होती,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. मेला!

दोन उन्हाळे तो शिडीवर चढून भिंती रंगवत राहिला आणि मी खाली रंगाची बादली धरून उभी. लाज कसली ती उरली नव्हती मला.

मग नवे अधिकारी आले. चौकोन म्हणजे शत्रूची खूण, असं ठरलं. चौकोनवाले दोघे चौकशीला गेले, ते परतलेच नाहीत. एका सकाळी गेर्शोनलाही समोरच्या कचेरीतून बोलावणं आलं.

“काढ ते जाकीट,” मी कात्री उचलली. त्याच्याकडे दुसरं नव्हतंच.

“फ्रूमा, तू शिवलायस तो.”

“मग मीच उसवणार. चौकोन गेला तर जाऊ दे… तू नको जाऊस.”

“म्हणजे—?”

“म्हणजे तेच, येड्या! प्रेम आहे माझं.”

कित्येक दिवसांनी तो हसला. दुकानाची खिडकी बर्फानं झाकलेली; दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात मी दोऱ्याचा शेवटचा धागासुद्धा वेचून काढला. त्यानं माझ्या टोचलेल्या बोटाला ओठ लावले आणि निघाला.

मी दारात आले. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. दोन उन्हाळ्यांत जाकीट विटून राखाडी झालेलं, आणि बाहीवर, कापड होतं तेवढ्याच जागी, गडद निळा कोरा चौकोन! चारही कोपरे शाबूत. शिंप्याची मुलगी मी, आणि मला धागे तेवढे दिसले.

“गेर्शोन!” मी धावत सुटले.

तो कचेरीच्या पायरीवर वळला. माझी नजर कुठे आहे ते बघून त्यानं बाहीकडे पाहिलं आणि हळूच त्यावर तळहात ठेवला.

पहारेकऱ्यानं तो हात बाजूला केला.