दहापैकी एक

कादंबरी स्पर्धेत परीक्षकमहाशयांकडे एकच काम होतं, खलनायकाच्या दुष्टपणाला दहापैकी गुण द्यायचे. तीनच्या वर त्यांनी आजवर कोणाला जाऊ दिलं नव्हतं. "खून करतो आणि वर रडतो! दुष्टपणालाही धमक लागते हो, लुंग्यासुंग्याचं काम नाही ते," असं म्हणत ते बाड बाजूला भिरकावत.

त्या दुपारी तेविसावं बाड हाती आलं. नियमाप्रमाणे वर लेखकाचं नाव नव्हतं, नुसता आकडा. खलनायक अगदीच मिळमिळीत. आतून थोरला भाऊ हाक मारतो, छातीत कळ आलीय, गोळी दे. धाकटा म्हणतो, "आलो, एवढं पान संपवतो." पान संपतं, तोवर भाऊही संपतो.

महाशय फिसकन हसले. "हा खलनायक? अहो, हा नुसता आळशी!" त्यांनी शेजारच्या टंकलेखिकेला ऐकवलं. "याला एक गुण म्हणजे डोक्यावरून पाणी." पेन्सिलीने एक लिहून त्यांनी पुढचा परिच्छेद वाचला.

"साहेब, तोंड का हो उतरलं?" बाईंनी विचारलं.

उतरेल नाही तर काय! बाडातल्या भावाच्या अंगावर कोपरा जळलेली तपकिरी शाल होती. त्याने हाका तीन मारल्या होत्या, आणि तिसरीला धाकट्याने आणखी एक पान उलटलं होतं. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस इथे पेन्सिल धरून बसला होता. वहिनीला त्याने सांगितलं होतं, माझा डोळा लागला होता. बिचारीने विश्वास ठेवला आणि अकरा वर्षं दिराला दोन्ही वेळा गरम वाढलं.

महाशयांनी घाईघाईने शेवटचं पान काढलं. ते कोरं होतं.

वहिनीच्या हाती हे पडलं तर संपलंच सगळं. बाड जाळायचं ठरवून त्यांनी ते पिशवीत कोंबलं आणि तडक घर गाठलं. जिना चढताना छातीत कळ आली. पिशवी बाहेरच्या खोलीत टाकून ते कसेबसे आत येऊन खाटेवर आडवे झाले.

"वहिनी, गोळी द्या."

बाहेर कागद सळसळला.

"वहिनी!"

"आले हं भाऊजी." आवाज नेहमीसारखाच मायाळू. "एवढं पान संपवते."

तिसरी हाक मारायचा त्यांना धीर होईना.

चष्म्याशिवाय वहिनीला कॅलेंडरवरची तारीखही दिसत नसे. तिचा तो चष्मा इथे त्यांच्या उशाशी होता, घडी घालून ठेवलेला.

बाहेर पान उलटलं.