नावाड्याची गोष्ट

सगळं देऊळ भागवतरांकडे तोंड करून बसलं होतं, आणि हा एकटा इसम त्यांच्याकडे पाठ करून!

वकुळाच्या हातातली झांज क्षणभर चुकली. मांबळमच्या रामाच्या देवळात तिचे अप्पा, कोदंडराम भागवतर, हरिकथेला उभे होते. वनवासाला निघालेल्या लेकाला आई निरोप देते, तो प्रसंग. गळ्यात हार, कमरेला उपरणं कसलेलं, हातात चिपळ्या आणि आवाज असा की दगडी खांबाला पाझर फुटावा. दीडशे डोळे भरून आलेले. आणि पहिल्या खांबाशी हा बाबा — खांद्याला झोळी, चुरगळलेला शर्ट — श्रोत्यांकडे तोंड करून खुशाल बसलेला. मधूनच वहीत काहीतरी खरडायचा.

आरती झाली. उकडलेल्या चण्यांच्या सुंडलचे द्रोण वाटत वाटत वकुळा त्याच्यापाशी आली. हात पुढे आला, पण तिनं द्रोण दिला नाही.

"देवाकडे पाठ करून बसणाऱ्याला आमच्यात प्रसाद नाही."

तो गडबडून उठला. "देवाकडे नव्हती हो... देव उजव्या अंगाला आहे. पाठ होती ती भागवतरांकडे."

"ते माझे वडील आहेत!"

"अरे देवा... मग तर मेलोच मी."

तिला हसू येत होतं, ते तिनं ओठ दुमडून दाबलं. "करत काय होतात एवढं?"

"माणसं नेमकी कुठं रडतात, ते बघत होतो." त्यानं वही उघडून दाखवली. "आई एवढी बोलली, कुणी रडलं नाही. ती बोलायची थांबली आणि लेकाच्या उपरण्याची गाठ सारखी करायला लागली... तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या त्या मिशीवाल्या पैलवानाचंसुद्धा नाक लाल झालं."

वकुळानं द्रोण त्याच्या हातात ठेवला. असलं बघणाऱ्या माणसाला उपाशी कसं धाडायचं?

चण्याचा बकाणा भरत तो हळूच म्हणाला, "आणि तिथंच एक झांज चुकली."

"ती तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे? मग आजचा दिवस सार्थकी लागला म्हणायचा..."

त्याचं नाव पळनिवेल. गाव दिंडिगलच्या बाजूचं, आईबाप तंबाखूच्या शेतावर. कोडंबाक्कमच्या सिनेमा स्टुडिओंत एका दिग्दर्शकाचा सहावा मदतनीस होता तो. काम काय, तर नायिकेच्या डोक्यावर छत्री धरणं. पण पोटात स्वतःची एक गोष्ट होती. आता सिनेमाच्या त्या दुनियेची रीत अशी, की लिहिलेलं कुणी वाचत नाही. निर्मात्यासमोर बसायचं आणि दोन-अडीच तास सगळा सिनेमा तोंडानं सांगायचा — मारामाऱ्या, गाणी, अश्रू, सगळं. त्याला जांभई आली की गोष्ट मेली. पळनिवेलच्या गोष्टीवर आजवर तीन जणांनी जांभया दिल्या होत्या.

"मला सांगायला शिकवा, भागवतर," त्यानं अप्पांचे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो ओट्याच्या खालच्याच पायरीवर उभा राहिला. आपली जात वेगळी, हे त्याला ठाऊक होतं. अप्पांनी त्याचं मनगट धरून वर ओढलं. "ये रे. कथेला सोवळं नसतं."

मग रोज संध्याकाळी ओट्यावर शाळा भरू लागली. अप्पा सांगायचे, "हजार माणसांना कथा सांगायची नसते, पोरा. एकाच माणसाला सांगायची. बाकीच्यांनी ती चोरून ऐकायची."

"तो एक माणूस कुठून आणायचा?"

अप्पांनी झोपाळ्याकडे बोट केलं. वकुळा अबोलीचा गजरा ओवत बसली होती. "हिला सांग. माझ्या कथांवर जन्मापासून पोसलेली आहे. हिला फसवता येत नाही."

आणि खरंच नव्हतं येत. कंटाळा आला की ती शेजारची झांज उचलून एकदा वाजवायची. खण्ण!

"अहो, आत्ता तर नायक बैलगाडीतून उतरतोय..."

"गेली दहा मिनिटं उतरतोय, डायरेक्टर सार. बैल म्हातारे झाले."

"बरं, तुमच्यासाठी उडी मारायला लावतो."

"माझ्यासाठी कुणी पाय मोडून घेऊ नये..." असं म्हणून ती पुन्हा गजऱ्यात मान घालायची. पण सुईत दोरा मात्र बराच वेळ जायचा नाही.

पूर्वरंग असा जमला. चौथ्या निर्मात्याला जांभई आली नाही. पहिला सिनेमा शंभर दिवस चालला, दुसरा त्याहून अधिक. पळनिवेलला गाडी आली, मागं-पुढं करणारी माणसं आली. पण नवी गोष्ट सुचली की तो आधी मांबळमच्या त्या बोळात यायचा, चप्पल काढायचा आणि ओट्यावर बसून ती वकुळाला सांगायचा. येताना हातात पानात गुंडाळलेला मोगरा.

"हे कशाला?"

"ऐकण्याची दक्षिणा."

"आणि गोष्ट वाईट निघाली तर?"

"तर परत मागणार नाही... पण केसांत माळलीत, तर गोष्ट सुधारेल कदाचित."

ती माळायची. अप्पा वर बघत आढ्याचे वासे न्याहाळायचे. एवढंच. ना तो काही बोलला, ना ती. त्याला अप्पांचे उपकार आड येत होते, आणि तिला वाटायचं, बोलायचं काम बोलणाऱ्याचं. आपण ऐकणारे.

पंगुनी महिन्यातल्या एका दुपारी तो आला. पांढरी वेष्टी नेसलेला, कपाळाला भस्म. हात मोकळे. अप्पा आत निजले होते. तो वरच्या ओट्यावर न बसता खालच्या पायरीवर बसला.

"नवी गोष्ट आहे. ऐकाल?"

"मोगरा कुठाय?"

"आज... आज नुसतीच ऐका."

त्यानं नावाड्याची गोष्ट सांगायला घेतली. कावेरीवर नाव चालवणारा एक पोरगा. पैलतीरावरच्या देवळात हार पुरवणाऱ्या म्हाताऱ्याची लेक रोज त्याच्या नावेत बसते. बसली की आपल्याशीच गुणगुणते. गाणं संपायच्या आधी काठ येऊ नये, म्हणून तो वल्हं हळू मारतो... हळू... आणखी हळू. म्हातारा त्याला ताऱ्यांवरून वाट काढायला शिकवतो. पोरगा मोठा होतो, समुद्रावर जायचं बोलावणं येतं. शेवटच्या दिवशी नाव काठाला लागते. ती उतरायला पाऊल उचलते, आणि तो म्हणतो — येशील माझ्याबरोबर?

पळनिवेल थांबला. त्याचा आवाज कधी असा थरथरला नव्हता. 'किती शिकला हा!' असं वकुळाच्या मनात आलं. तिचे गाल ओले झाले होते. तिला पाणी दिसत होतं, वल्ह्यावरून ओघळणारे थेंब दिसत होते, ती मुलगी दिसत होती. झोपाळा मात्र दिसत नव्हता, आणि झोपाळ्यावर बसलेली तर मुळीच नाही.

"पुढं?" तिनं विचारलं.

"पुढचं मला सुचत नाही. तुम्हीच सांगा... ती जाते का?"

वकुळानं पदरानं डोळे पुसले आणि भागवतरांची लेक होऊन विचार केला.

"नाही जात."

"...नाही?"

"गेली तर लोक टाळ्या वाजवतील, घरी जाऊन जेवतील आणि विसरतील. राहिली तर तिला उरात घेऊन जातील. तिनं नाही म्हणावं. आणि कारणसुद्धा सांगू नये. कारण कळलं की दुःख आटतं."

"हे... तुमचं शेवटचं?"

"शेवटचं!" आणि गोष्ट फार आवडली होती, म्हणून तिनं हसत हसत झांजही वाजवली. खण्ण.

त्यानं हातातला कॉफीचा पेला पायरीवर ठेवला. मग उठला. "चांगलं आहे," म्हणाला, "फार चांगलं आहे." फेसाचा थेंबही न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी कॉफीचा पेला अर्धा राहिला.

तीन महिन्यांनी कोपऱ्यांना हळद लावलेली पत्रिका आली. पळनीच्या डोंगरावर, मामाच्या मुलीशी, सेल्वीशी लग्न. वकुळानं ती दोनदा वाचली, तरी मुहूर्त ध्यानात राहिला नाही. तिनं स्वतःची समजूत घातली, आनंदानं राहिला नसेल.

वर्षभरानं नावाड्याचा सिनेमा आला. अप्पांना घेऊन ती बघायला गेली. दिवे मालवले. पडद्यावर देवळाची पायरी आली, त्या पायरीवर देवाकडे पाठ करून बसलेला नावाडी आला आणि हारवाल्याची लेक त्याला म्हणाली, "असं बसणाऱ्याला आमच्यात प्रसाद नाही."

वकुळा पुढं सरकून बसली. हे त्यानं सांगताना वगळलं होतं. नेमकं हेच वगळलं होतं! पुढं पडद्यावरची मुलगी रागावली की थेट वकुळासारखा दोरा दातानं तोडत होती. हसू आलं की ओठ दुमडत होती. आणि शेवटी ती नाही म्हणाली, कारण न सांगता. सगळं थिएटर हुंदके देत होतं.

अप्पांनी उपरण्याला नाक पुसलं. "का गं नाही म्हणाली ही पोर?"

"कथेला बरं दिसतं म्हणून, अप्पा," वकुळा म्हणाली, आणि तिला पुढचं काही दिसेना.

त्या सिनेमानं पळनिवेल कुठल्या कुठं गेला. पुढच्या सिनेमात पन्नास हत्ती आले, त्याच्या पुढच्यात काचेचा राजवाडा, मग दर्यावर जळणारी गलबतं. एकेका सिनेमाला तीन-तीन, चार-चार वर्षं. एक गोष्ट मात्र बदलली नाही. त्याच्या सिनेमात शेवटी कुणी कुणाबरोबर जायचं नाही. मासिकं त्याला पळनिवेलची मोहोर म्हणायची, तिच्यावर लेखच्या लेख छापायची. ती मोहोर कुठल्या ओट्यावर, कुणाच्या हसण्यात उठली, हे वकुळा कुणाला सांगणार?

तो बोळात परत आला तो अप्पा गेले तेव्हाच. हार ठेवला, नमस्कार केला, गेला. अप्पांच्या चिपळ्या वकुळानं हातात घेतल्या आणि ती कथेला उभी राहू लागली. लग्नाची स्थळं आली तशी गेली. लोक म्हणत, ताटातुटीचा प्रसंग सांगावा तो वकुळानंच.

मग तो सिनेमा आला ज्याच्यासाठी त्यानं सात वर्षं घातली होती, अख्खं बंदर उभारलं होतं. चौथ्या दिवशी थिएटरं ओस पडली. चहाच्या टपरीवर पोरं म्हणत, "शेवटी दोघं वेगळी होणार हे ठाऊकच आहे. मग आपण मध्यंतरालाच वेगळं व्हावं की!"

मार्गळी महिन्यातल्या एका थंड सकाळी वकुळा दारात रांगोळीचे ठिपके देत होती. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. पांढऱ्या केसांचा माणूस चालत आला, तिच्या ठिपक्यांना वळसा घालून पायरीवर बसला.

"कॉफी आणते."

"साखर नको. डॉक्टरांनी बंद केलीय."

"मग बोलण्यात तरी घाला थोडी. इतक्या वर्षांनी आलात ते असं तोंड करून?"

तो हसला, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. "गुरुवारी एक निर्माता गोष्ट ऐकायला तयार झालाय. बहुतेक शेवटचाच. आणि माझं तोंड उघडत नाहीये, वकुळा." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. "आरशासमोर बसतो, दोन वाक्यं बोलतो, की वाटतं... हे पोचतंय का? सेल्वी म्हणाली, जा आणि एकदाचं विचारून या. तिला सगळं ठाऊक आहे. बिचारी तीस वर्षं माझा प्रश्न घेऊन नांदली."

"काय विचारायचंय?"

"त्या दुपारी... नावाडी कोण, ते तुम्हाला कळलं होतं?"

वकुळाच्या चिमटीतली रांगोळी जमिनीवर सांडत राहिली.

"कळून नाही म्हणाल्या असाल, तर तो तुमचा हक्क. माझं काही म्हणणं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "पण कळलंच नसेल, तर... जन्मात एकच खरी गोष्ट सांगितली मी, आणि ती समोरच्या माणसापर्यंत गेली नाही. मग हे हत्ती, ही गलबतं, सगळी कसली सोंगं? सांगताच आलं नाही मला."

वकुळानं रांगोळीची वाटी खाली ठेवली. खरं तिला ठाऊक होतं. त्यानं गोष्ट इतकी जिवंत सांगितली होती, की ती स्वतःला विसरली होती. नावाडी तिला नावाडीच दिसला. इतकं चांगलं सांगणं त्याला पुन्हा कधी जमलं नव्हतं. पण हे आज कसं सांगायचं? सांगितलं तर समोरच्या म्हाताऱ्या माणसाला कळेल, की त्याला कुणी नाही म्हटलंच नव्हतं. आणि घरी सेल्वी वाट बघत असेल.

या ओट्यावर ती कधी खोटं बोलली नव्हती. 'रामा, एवढं एक पोटात घाल.'

"कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या वल्ह्यालाच."

त्यानं डोळे मिटले. छातीतून एक लांब श्वास गेला, खांदे खाली आले. मग तो हसला, आणि या वेळी हसू गालावर आलं, डोळ्यांत आलं, पस्तीस वर्षांपूर्वीचा तो चणे खाणारा पोरगा होऊन आलं.

"म्हणजे पोचली होती!"

"पोचली होती."

"बरं वाटलं... खरंच बरं वाटलं. नाही म्हणालात, ते सोसलं हो मी. ही शंका मात्र सोसवत नव्हती." तिनं आत जाऊन बिनसाखरेची कॉफी आणली; त्यानं ती घोटाघोटानं संपवली, पायरीवरून उठला आणि हात जोडले. "गुरुवारी सांगतो गोष्ट. सांगेन."

"सांगाल. आणि मला कळवा."

तो बोळातून चालत गेला. चालता चालताच त्याचे हात हवेत उठू लागले, ओठ हलू लागले. कुणाला तरी काहीतरी सांगायला त्यानं सुरुवातही केली होती.

गाडीचा आवाज विरला. वकुळा आत आली, देवापुढं बसली. निरांजनाची वात सारखी केली. रामाच्या डोळ्यांत बघायचा तिला धीर होईना, म्हणून ती त्याच्या पायांशीच बोलली.

"मला नव्हतं कळलं रे..."

वात जळत राहिली. थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, अगदी हळू, आजवर कुणी तिला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं —

"मला विचारलं असतं, तर मी गेले असते."