तेविसावं नाव

स्कार्विका गावाच्या नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांना गळ्यात घालायला अलार्मचं बटण दिलेलं आहे. त्या रविवारी मदत केंद्राची लाईन दुरुस्तीसाठी बंद होती. सकाळी आठला माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा संगणक प्रोग्राम, बटणांच्या नोंदी वाचून यादी देणार आणि परिचारिका त्या घरी जाणार, असं ठरलं होतं.

यादी कोरी आली.

"सगळे म्हातारे चर्चला गेले वाटतं," माझा सहकारी ओडमुंड कॉफी ओतत म्हणाला. "तुझी स्क्रिप्ट तरी जागी आहे ना रे, आयविन?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

सोमवारी, बटण दिलेल्यांपैकी बोर्गहिल्ड नेसेत या बाई आपल्या स्वयंपाकघरात मृत सापडल्या. डॉक्टरांच्या मते रविवारी दुपारपर्यंत त्या जिवंत होत्या. बर्गनहून त्यांच्या मुलीचा, तूरुनचा, फोन आला.

"आईनं बटण दाबलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

फोन ठेवल्यावर मी तपासलं. पडद्यावरच्या तक्त्यात रकान्याचं शीर्षक 'शेवटचा कॉल' असं दिसतं. स्क्रिप्टमध्ये मी तेच वापरलं होतं. नोंदीच्या आत मात्र त्या रकान्याचं, म्हणजे गुणधर्माचं, नाव वेगळं असतं. नसलेलं नाव मागितलं तर संगणक तक्रार करत नाही. कोरं उत्तर देऊन गप्प बसतो. खरी नावं दाखवणारी एक कमांड आहे. तिला दोन सेकंद लागतात. शनिवारी स्क्रिप्ट लिहिताना मी ती चालवली नव्हती.

आता चालवली. बोर्गहिल्डबाईंनी रविवारी सकाळी आठच्या आत बटण सात वेळा दाबलं होतं.

इतर प्रत्येक बटणाला बावीस गुणधर्म होते. त्यांच्या बटणाला तेवीस. शेवटचं नाव होतं 'मुलीला सांगितलं'. त्यापुढे लिहिलं होतं: नाही.

असा गुणधर्म आम्ही ठेवलेलाच नाही, असं बटणं पुरवणाऱ्यांनी कळवलं. ओडमुंडने पडद्याकडे पाहिलं. "चेष्टा करायची वेळ आहे का ही?" एवढं बोलून तो उठून गेला. मी ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत होती. त्यांचं बटण तर आमच्या कपाटात होतं, बॅटरी काढलेली.

तीन आठवडे मी रोज तूरुनला फोन करायचं ठरवलं. रोज सकाळी आधी ते नाव पाहिलं. नाही. मग दुसरं काहीतरी काम काढलं.

आज सकाळी तिथे 'हो' होतं.

त्या सात कॉलचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी फोन लावला. "तूरुन, त्या दिवशी मी तुम्हाला जे..."

"सात वेळा," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःहून कधी बोलताय, याचीच वाट बघत होते मी."

ती वेळा सांगू लागली. पहाटे पाच दहा. पाच पंचवीस. सहा वाजता. माझ्यासमोरच्या नोंदींशी त्या अगदी मिनिटापर्यंत जुळत होत्या. सातही वेळा सांगून झाल्या.

ती थांबली नाही.

"आणि आज, नऊ बारा."

घड्याळात आत्ताशी नऊ दहा झाले होते.

आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.