हाकेच्या आधी

सुलभाताईंनी स्टूल पलंगाशी ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, "अहो!"

पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला.

"पुन्हा," पडद्यासमोर बसलेली त्यांची मुलगी ऋता म्हणाली.

"अगं, एवढ्या हाका मी उभ्या संसारात मारल्या नाहीत." तरी त्या उठल्या, खिडकीपर्यंत जाऊन आल्या, पुन्हा स्टूल ओढलं. "अहो!"

मिरजेच्या त्या रुग्णालयात जयवंतराव पक्षाघातानंतर निपचित पडून होते. श्वास यंत्राचा. आत माणूस उरला आहे की नाही, यावर सोमवारी ते यंत्र काढायचं की ठेवायचं हे ठरणार होतं. डॉक्टरांनी नावाने हाका मारून पाहिल्या होत्या. सुलभाताईंच्या मते त्या नावाने त्यांना फक्त बँकवाले ओळखत.

मेंदू सजग झाला की वाढणारा त्यातला क्षीण प्रकाश टिपणारा, ऋताने आणलेला नवा टोप भारी नाजूक होता. एका हाकेला एकच क्षण टिपायचा, मग निवत बसायचा. तेव्हा ऋताला विजेच्या लहरी पडद्यावर उमटवणारा बाबांचा जुना सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप आठवला. उपकरणं दुरुस्त करताना बाबा तिला सांगत, "पळणारी गोष्ट एका दमात टिपता येत नसेल, तर तिला पुन्हा पुन्हा पळू दे. दर वेळी एकच ठिपका घ्यायचा, आधीच्यापेक्षा किंचित उशिरा. ठिपके जुळले की चित्र तयार." अट एकच. घड्याळ दर वेळी त्याच खुणेवर सुरू व्हायला हवं. ती खूण म्हणजे ट्रिगर, आणि इथे ट्रिगर होता माइकने टिपलेला आईचा 'अहो'.

आवाज कापला की ट्रिगर चुकायचा आणि ठिपका भलतीकडेच पडायचा.

"आई, रडू नकोस ना. चित्र बिघडतं."

"रडतंय कोण? घसा बसलाय माझा."

रविवारी दुपारी रेषा पुरी झाली, पण ऋताला हवी होती तशी नव्हती. हाकेला उत्तर असतं, तर रेषा आधी सपाट असती, मग चढली असती. ही पहिल्या ठिपक्यापासूनच वर होती.

"नाहीत का गं ते?" सुलभाताईंनी विचारलं.

टोपाचाच दोष तर नाही, हे बघायला ऋताने ट्रिगर मागे नेला. हाकेवरून स्टूल ओढल्याच्या आवाजावर. संध्याकाळपर्यंत आई उठत राहिली, बसत राहिली, हाक मारत राहिली. नवी रेषा खालून सुरू झाली. पण सपाट नव्हती, सुरुवातीपासून चढत होती आणि हाकेपाशी येईतो पूर्ण वर पोचली होती. टोपाचा दोष असा हळूहळू चढत नाही.

ऋताचे डोळे भरून आले. "बाबा आहेत, आई. तू हाक मारायच्या आधीपासूनच ते तुझी वाट बघतात. स्टूल ओढायच्याही आधीपासून."

सुलभाताईंनी नवऱ्याच्या कपाळावरचा टोप सारखा केला.

"मग व्हरांड्याच्या टोकापासून चालत येऊ?"

"ये."

त्या बाहेर गेल्या. ऋताने माइक दाराकडे वळवला, ट्रिगर पावलांच्या आवाजावर लावला आणि बाबांचा हात हातात घेऊन बसली. इथेही रेषा चढतीच निघाली, तर या माणसाचं वाट बघणं सुरू तरी कुठून होतं?